मूषकाचा हात थरथरतो तेव्हा

इंदूरबाहेरच्या नातेवाइकांना 'झांकी' म्हणजे काय हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं. पुण्या-मुंबईकडे देखावा मंडपात असतो आणि माणसं तो पाहायला जातात. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री देखावाच रस्त्यावर निघतो, आणि माणसं गच्च्यांवर, ओट्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर बसून त्याची वाट पाहतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या कामगारांनी वाढवलेली ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे पैसे सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत, कोरोनाचा काळ सोडला तर, झांकी निघतच राहिली.

झांकीचा जीव तिच्या हलण्यात आहे. हनुमानाची गदा वर गेली पाहिजे, नागाचा फणा डोलला पाहिजे. रोषणाई कितीही करा, बाहुली नुसती उभी असेल तर मुलं लगेच मागच्या गाडीकडे बघायला लागतात. हे हलणं घरच्या गणपतीपुढे कसं आणायचं, आणि त्यात एका छोट्या संगणकाच्या नेमक्या कोणत्या पिनेचा हात असतो, याबद्दल मला लिहायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात असा एखादा बोर्ड कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर धूळ खात पडला असेल.

बडा गणपतीच्या चौराह्यामागच्या एका गल्लीत माझ्या बहिणीचं घर आहे. हाकेच्या अंतरावर पंचवीस फुटांची शेंदरी मूर्ती, त्यामुळे घरातली मूर्ती मुद्दाम वीतभरच आणतात; मोठेपणाची हौस देखाव्यावर भागवायची. गेल्या वर्षी अकरावीतल्या भाचीने ठरवलं की बाप्पाला मूषक चवरी ढाळेल. कागदाच्या लगद्याचा उंदीर, पांढऱ्या लोकरीची चवरी, खांद्यात निळ्या डबीतली छोटी सर्वो मोटर आणि पाटाखाली रास्पबेरी पाय ३. उंदीर हलला, पण त्याचा हात एका जागी ठरेना, सारखा थरथरायचा. आजी म्हणाल्या, "याला हिव भरलंय का गं?" मी पोटासाठी असेच बोर्ड हाताळते, म्हणून फोन मला आला. "मावशी, मोटर खराब निघाली. महाराणी रोडवरून दुसरी आणू का?"

मोटर चांगली होती. बिघाड होता तिला आज्ञा पोचवण्याच्या रीतीत.

त्या रीतीचं नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम. नाव अवघड असलं तरी गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात रोज घडते. इंडक्शन शेगडी अगदी मंद ठेवून दूध तापत ठेवा: काही सेकंद ते उकळ्या मारतं, मग गप्प होतं, पुन्हा उकळतं. शेगडी अर्धी तापत नाही. ती पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत राहते, आणि चालू किती वेळ राहायचं यावर सरासरी आच ठरते. बोर्डाच्या पिनेचंही तसंच. तिला शून्य किंवा ३.३ व्होल्ट एवढंच येतं, अधलंमधलं काही देता येत नाही. पण ती सेकंदाला हजार वेळा चालू-बंद केली आणि दर वेळी पाव वेळच चालू ठेवली, तर तिला जोडलेला दिवा मंद दिसतो. एका फेरीच्या लांबीला पीरियड म्हणतात आणि त्यातल्या चालू भागाला ड्यूटी सायकल.

सर्वो मोटरला मात्र सरासरीशी देणंघेणं नाही. ती दर वीस मिलिसेकंदांनी येणारा ठोका किती लांब होता एवढंच मोजते. दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे हात मध्ये. एक मिलिसेकंद म्हणजे एका बाजूला, दोन म्हणजे दुसऱ्या बाजूला. साधारण हिशेबाने दहा मायक्रोसेकंदांचा फरक म्हणजे एक अंश. आता उंदराचा हात शंभर मायक्रोसेकंदांनी चुकला तर काय होईल ते तुम्हीच बघा: दहा अंशांचा हिसका, आणि तोही कधी इकडे, कधी तिकडे.

शंभर मायक्रोसेकंद चुकतात कुठे? भाचीने व्हिडिओ पाहून जो प्रोग्राम लिहिला होता, त्यात पिनेला 'चालू हो, थांब, बंद हो' हे सगळं लिनक्सवर चालणारा प्रोग्रामच सांगत होता. सराफ्यात रात्री अकराला एखाद्या दुकानात एकच माणूस गराडू तळतोय, पैसे घेतोय आणि सुटे शोधतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणा. गराडू जळणार नाही, पण प्रत्येक घाणा सारखा वेळ कढईत राहील याची खात्री नाही. लिनक्सही तसंच करतो: वायफाय, कार्ड, पडदा, सगळ्यांना थोडा थोडा वेळ देतो, आणि आपल्या प्रोग्रामची पाळी कधीकधी उशिरा येते. दिव्याच्या बाबतीत हे कळतही नाही. मोटरच्या बाबतीत आजींना दिसतं.

उपाय बोर्डावरच असतो. रास्पबेरी पायच्या चिपमध्ये ठोके मोजणारं वेगळं यंत्र आहे. त्याला एकदा पीरियड आणि ड्यूटी सांगितली की मुख्य प्रोसेसर कितीही गुंतलेला असला तरी ठेका ढळत नाही. गवई समेवर उशिरा आला म्हणून तबलजी थांबत नाही, तसं. मात्र चाळीस पिनांच्या पट्टीवर हे यंत्र चारच ठिकाणी बाहेर येतं: जीपीआयओ १२, १३, १८ आणि १९. पट्टीवर मोजायला गेलात तर त्या अनुक्रमे ३२, ३३, १२ आणि ३५ क्रमांकाच्या पिना. हे दोन क्रमांक बाराच्या बाबतीत हमखास गोंधळ घालतात, म्हणून तारेला चिठ्ठी चिकटवा. शिवाय जुन्या बोर्डांवर पिना चार असल्या तरी वाहिन्या दोनच आहेत. १२ आणि १८ एका वाहिनीवर, १३ आणि १९ दुसऱ्या. चवरी १८ वर आणि समई १२ वर लावलीत तर समईही चवरीच्या तालावर लुकलुकेल. पाय ५ वर चारही वाहिन्या स्वतंत्र आहेत.

या पिना आपोआप कामाला लागत नाहीत, सुरुवातीला त्यांना नेमावं लागतं. बूट विभागात कॉन्फिग नावाची साधी मजकुराची फाइल असते. २०२३ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ती फर्मवेअर या फोल्डरात गेली आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून शोधणाऱ्याला ती सापडत नाही. तिच्यात 'डीटीओव्हरले' या शब्दाची एक ओळ घालून 'पीडब्ल्यूएम-२चॅन' हे नाव दिलं की दोन वाहिन्या १८ आणि १९ वर येतात. १२ आणि १३ हव्या असतील तर पिनांचे नंबर लिहून फंक्शनचा आकडा २ ऐवजी ४ करावा लागतो. मग बोर्ड पुन्हा सुरू करायचा.

याच फाइलीत आमच्याकडे एक घरगुती तंटा निघाला. पाय ३ वर हेडफोनच्या भोकातून येणारा आवाजही हेच ठोक्यांचं यंत्र तयार करतं, आणि भाचीने त्यावर आरतीचा स्पीकर जोडला होता. म्हणजे एकतर आरती वाजेल, नाहीतर उंदीर नीट हलेल. ब्लूटूथ स्पीकर लावून प्रश्न सुटला असता. पण आजींनी निकाल दिला की आरती म्हणायला घरात सात तोंडं आहेत, यंत्र कशाला हवं. ऑडिओची ओळ बंद केली.

पुढचं काम लिनक्सच्या एका गमतीदार सोयीने होतं: वाहिनी एखाद्या फोल्डरासारखी दिसते आणि आकडे फाइलींत लिहायचे असतात. सिस्टिमच्या 'क्लास' फोल्डरात पीडब्ल्यूएमची चिप दिसते. तिचा नंबर बोर्ड आणि कर्नलप्रमाणे बदलू शकतो, तेव्हा आधी फोल्डर उघडून पाहा. 'एक्स्पोर्ट'मध्ये शून्य लिहिलं की पहिली वाहिनी उघडते. मग 'पीरियड', 'ड्यूटी सायकल' आणि शेवटी 'इनेबल'मध्ये एक. आकडे नॅनोसेकंदांत द्यायचे, म्हणजे वीस मिलिसेकंदांचे दोन कोटी आणि मधल्या स्थितीचे पंधरा लाख. (हे आकडे लाख-कोटींत किती सोपे वाटतात! भाचीला मात्र ते मिलियनमध्ये सांगावे लागले. असो.) क्रम महत्त्वाचा आहे: पीरियड अजून शून्य असताना ड्यूटी लिहायला गेलात तर बोर्ड 'अवैध आकडा' म्हणून नाकारतो, कारण चालू वेळ अख्ख्या फेरीपेक्षा मोठी असूच शकत नाही. आणि एक्स्पोर्ट केल्याबरोबर लगेच लिहिलं तर कधीकधी 'परवानगी नाही' असं उत्तर येतं; फाइलींचे हक्क बसायला क्षणभर लागतो. प्रोग्राममध्ये अर्धा सेकंद थांबा, भांडू नका.

थरथर गेली. हात पंधरा लाखांवर असा स्थिर राहिला की चवरीची लोकरसुद्धा हलेना.

आता हात वर-खाली करायचा होता. भाचीने दहा लाख लिहिले, मग वीस लाख, मग पुन्हा दहा. शेजारचे काका दर्शनाला आले होते. ते हुकुमचंदमध्ये होते. मिल सुटली, झांकी सुटली नाही. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हा हात नाही, रेल्वे फाटकाचा दांडा आहे." मग मागितला एक जुना कागद आणि पेन्सिल. त्यांच्या वेळी एका मोटरवर पट्टा, पट्ट्यावर चाक आणि चाकाला लाकडाची अंड्यासारखी चकती असे. ती चकती फिरताना दांडी उचलायची आणि बाहुलीचा हात वर जायचा. सगळी कला त्या चकतीच्या कडेत. "हात निघताना सावकाश निघतो, मध्ये जोर धरतो, आणि वर पोचण्याआधी पुन्हा दम घेतो. कुठे किती घासायचं, ते चकती सांगते. आम्ही रात्र रात्र घासायचो."

काकांनी कागदावर चकती काढली. भाचीने तिच्या कडेवर खुणा करून प्रत्येक खुणेचा आकडा लिहिला. एक ठोका वीस मिलिसेकंदांचा, चवरीची एक फेरी तीन सेकंदांची, म्हणजे दीडशे आकडे. सुरुवातीला जवळजवळचे, मध्ये लांबलांबचे, वर पुन्हा जवळजवळचे. वर पोचल्यावर काकांनी दहा आकडे तसेच ठेवायला सांगितले, "लोकर मागून येते, तिला पोचू दे." यातला एखादा आकडा लिहायला लिनक्सला मिलिसेकंदभर उशीर झाला तरी बिघडत नाही, हात तेवढा वेळ आधीच्या जागी स्थिर राहतो, कारण ठोका आता यंत्राच्या हातात आहे.

दुसऱ्या रात्री काका पुन्हा आले, चष्मा पुसून बसले आणि चारपाच फेऱ्या पाहून म्हणाले, "आता ढाळतोय."

जे करून पाहतील त्यांच्यासाठी थोडं कोरडं पण गरजेचं. मोटरला वीज बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून देऊ नका. हात अडकला की ती एकदम जास्त करंट ओढते आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. वेगळा पाच व्होल्टचा अडॅप्टर घ्या, पण त्याचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडाच, नाहीतर ठोका कशाच्या तुलनेत मोजायचा हे मोटरला कळत नाही. पिनेवरून एखादा एलईडी रेझिस्टर लावून चालतो. पट्टी लावायची तर मध्ये मॉसफेट हवा. घरच्या २३० व्होल्टच्या माळा या बोर्डाला कधीही जोडू नका. आणि दहा दिवसांत वीज जाणारच, तेव्हा प्रोग्राम आपोआप सुरू होईल असा ठेवा आणि कार्ड फक्त वाचण्यापुरतं करा, म्हणजे ते खराब होणार नाही.

समई दुसऱ्या वाहिनीवर, १९ वर लावली. पीरियड दहा लाख, म्हणजे सेकंदाला हजार फेऱ्या. इथे डोळा फसवतो: ड्यूटी निम्मी केली तरी दिवा निम्म्याहून बराच प्रखर वाटतो. डोळ्याला निम्मा वाटायला हवा तर ड्यूटी साधारण २२ टक्क्यांवर आणावी लागते. ज्योतीसारखं हलकं फडफडणं हवं असेल तर याच पट्ट्यात आकडे थोडे वर-खाली करत राहा, एकसारख्या अंतराने मात्र नको.

विसर्जनानंतर काकांनी विचारलं की पुढच्या वर्षी मूषकाबरोबर रिद्धी-सिद्धी आणि चार भालदार-चोपदार हलवायचे तर किती पिना लागतील. बोर्डाच्या दोन वाहिन्या त्याला पुरणार नाहीत. त्यासाठी पीसीए ९६८५ या चिपची छोटी पाटी मिळते. बोर्डाकडून तिला सिग्नलच्या दोनच तारा लागतात आणि तिच्यावर सोळा वाहिन्या निघतात. सगळ्यांचा पीरियड मात्र एकच असतो, म्हणून समई तिच्यावर घ्यायची नाही, ती १९ वरच राहू द्यायची. पाटी भाचीने आणून ठेवली आहे, आणि काका सहा चकत्या कागदावर काढून बसले आहेत.