काडतुसाचे माप

भवानी मंडपाहून कसबा बावड्याकडे निघाले की वाटेत नवा राजवाडा लागतो. मेजर मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला. तिथल्या वस्तुसंग्रहालयात शिकारीतली जनावरे पेंढा भरून ठेवली आहेत, हत्यारेही आहेत. पाहणारा वाघ बघतो, बंदूक बघतो. पण बंदुकीचे काडतूस भरीत कसे, हे सहसा कुणी विचारीत नाही. आज ते विचारायला कारण आहे. जुन्या घराच्या माळ्यावर कधी दांडीचा पितळी पेला, लाकडी दट्ट्या आणि हातानं फिरवायचं लहानसं यंत्र सापडतं, आणि घरातल्या तरुण पोराला वाटतं, आपणही करून बघावं!

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. आरंभी ते कागदाचेच असे. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली. शिपाई ते दातांनी तोडी आणि नळीच्या तोंडातून गजाने ठाशी. या काडतुसावरून १८५७ साली काय पेटलं ते शाळेतली मुलंही सांगतील. त्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातही २७ व्या पलटणीने बंड केले.

पुढे मागच्या बाजूने भरायच्या बंदुका आल्या, आणि काडतुसाला पितळी किंवा जाड पुठ्ठ्याची नळी आली. बार उडाला की टोपी, दारू आणि छर्रे संपतात. नळी तेवढी उरते. पितळ महाग, म्हणून तीच नळी पुन्हा भरीत. जळकी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची. पेल्याने दारू घालायची, वर नमद्याची चकती दट्ट्याने दाबायची, मग छर्रे आणि शेवटी पातळ चकती. पुठ्ठ्याची नळी असली तर ते हातयंत्र फिरवून तिची कड आत वळवायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि काडतूस बंदुकीत अडकून बसते. पितळेला ती भीती नाही.

आता खरी गोम त्या पेल्यात आहे. तो काळ्या दारूचा पेला. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळली की निम्म्याहून अधिक वजनाचा धूर आणि राख उरते. तिचा जोर बेताचा, म्हणून मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी भागत असे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. तिची रीत निराळी. नळीत दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेग वाढला की दाब आणखी वाढतो. म्हणून तिला पेला चालत नाही, नाजूक तराजू लागतो. ब्याडगी मिरचीचा चमचा लवंगी मिरचीला लावला तर काय होईल? आमटी टाकून देता येईल. इथे नळी फुटते, आणि ती हाताशी, डोळ्यांशी असते. त्यातून लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असली तर बोलायलाच नको.

तेव्हा आजोबांचा पेला बिनचूक होता. त्याची दारू बदलली.

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातली बारीक काडतुसं तर पुन्हा भरायची सोयच नाही. त्यांचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, आणि घोड्याच्या ठोक्याने ती कडच चेपते.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. घरात परवान्याची बंदूक आहे एवढ्याने भागत नाही. माळ्यावर भरलेलं जुनं काडतूस मिळालं तर खिळ्याने टोचू नका, चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका. पोरांना लांब ठेवा, आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. रिकामा पेला, दट्ट्या घासूनपुसून कपाटात ठेवायला हरकत नाही. गुरुजींनी मागितला तर वर्गात दाखवायलाही द्या.