शाळेच्या कारभारांत मुलांची समिति

मधल्या सुट्टीची घंटा झाली, म्हणजे प्राथमिक शाळेंतील वर्ग क्षणार्धांत ओस पडतात. मुलें डबे घेऊन अंगणांत धांवतात. परंतु मागें वर्गांत दिवे तसेच जळत राहतात, पंखे रिकाम्या बांकांना वारा घालीत राहतात, आणि टांकीखालचा एखादा नळ थेंब थेंब गळत असतो. हें दृश्य कोणास दिसत नाहीं असें नाहीं. शिक्षकांना तें दिसतें, शिपायाला दिसतें, मुलांनाही दिसतें. अडचण एवढीच कीं, तिकडे लक्ष देणें हें कोणाचेंच नेमलेलें काम नसतें. आणि जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नव्हे, हा व्यवहारांतील जुना अनुभव आहे.

हें काम शाळेंतील सर्वांत लहान माणसांकडे, म्हणजे सहा ते अकरा वर्षांच्या मुलांकडे, रीतसर सोंपवावें, ही कल्पना प्रथम ऐकतांना गमतीची वाटते. ज्यांना अद्याप भागाकार कष्टानें साधतो, त्यांनीं शाळेच्या विजेचा व पाण्याचा हिशेब कसा ठेवावा? तथापि गेल्या तीस वर्षांत अनेक देशांतील शाळांनीं हा प्रयोग करून पाहिला आहे, आणि त्याची एक निश्चित पद्धतिही बसून गेली आहे. ती पद्धति कशी चालते आणि कोठें फसते, हें समजून घेण्यासारखें आहे.

ह्या प्रयोगाचा उगम युरोपांत झाला. १९९२ सालीं ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें पृथ्वीच्या भवितव्याचा विचार करण्यासाठीं राष्ट्रांची मोठी परिषद भरली होती. तेथें ठरलेल्या कार्यक्रमांत असें सांगितलें होतें कीं, निसर्गरक्षण हें केवळ सरकारांचें काम नव्हे. तें ज्याच्या त्याच्या गांवीं झालें पाहिजे, आणि त्यांत तरुणांना व मुलांना स्थान असलें पाहिजे. ह्या विचारास धरून १९९४ सालीं डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस व ब्रिटन ह्या चार देशांत ‘इको-स्कूल्स’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. १९८१ सालीं स्थापन झालेली ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन’ ही संस्था तो चालविते. पुढें तो सत्तरांहून अधिक देशांत पसरला. भारतांत तो अहमदाबाद येथील ‘सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन’ ह्या संस्थेनें आणला.

उपक्रमाच्या सात पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे समिति. पुढील सहा अशा: शाळेची पाहणी, कामाची योजना, प्रगतीची मोजणी, अभ्यासक्रमाशीं जोड, सर्वांस माहिती देऊन सहभागी करून घेणें, आणि शाळेचा स्वतःचा निसर्गनियम लिहिणें. ह्या सातांचें मर्म पहिल्या दोहोंतच सांठविलेलें आहे. बाकीच्या त्यांतून आपोआप उगवतात.

समितींत निरनिराळ्या वर्गांचे प्रतिनिधि असतात. ते शिक्षकांनीं निवडलेले हुशार विद्यार्थी नसून वर्गानें निवडून दिलेले असावेत, हें श्रेयस्कर. त्यांच्या जोडीला एक-दोन शिक्षक, एखादे पालक, आणि शाळेची झाडलोट, स्वयंपाक वा देखरेख करणारा कोणी सेवक, अशी मोठीं माणसें असतात. ह्या शेवटच्या सभासदाचें महत्त्व पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे, कोणता नळ कधींपासून बिघडला आहे, आणि संध्याकाळीं कोणत्या वर्गांत किती कचरा निघतो, हें मुख्याध्यापकांपेक्षां शिपायाला अधिक ठाऊक असतें. समितींत मात्र संख्या मुलांची अधिक असावी लागते. सभेचा अध्यक्ष मूल, चिटणीस मूल, आणि इतिवृत्त लिहिणारेंही मूल. मोठ्यांनीं विचारलें असतां सल्ला द्यावा, आणि ठराव मुलांना करूं द्यावा.

दुसरी पायरी पाहणीची. येथें मुलांच्या हातीं वही व पेन्सिल येते, आणि ‘वाटतें’ ह्या शब्दाची जागा ‘मोजलें’ हा शब्द घेतो. गळका नळच घ्या. थेंबागणिक किती पाणी जातें, ह्याचा अंदाज कोणासही करतां येत नाहीं. परंतु नळाखालीं पेला ठेवून घड्याळ लावणें तिसरीच्या मुलालाही जमतें. सेकंदाला एक थेंब पडत असेल, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारें ४.३ लिटर पाणी वाहून जातें. वर्षाकांठीं हा आंकडा दीड हजार लिटरांच्या वर जातो. ज्या नळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतें, तो नळ ह्या एका गुणाकारानें सर्वांच्या डोळ्यांत भरतो.

विजेचेंही तसेंच. एका वर्गांत जुन्या तऱ्हेच्या ४० वॉटच्या चार ट्यूबलाइट व ७० वॉटचे दोन पंखे असतील, तर तो वर्ग ताशीं ३०० वॉट-तास वीज घेतो. अर्ध्या तासाच्या सुट्टींत ती चालूच राहिली, तर १५० वॉट-तास फुकट जातात. असे दहा वर्ग धरले, तर दररोज दीड युनिट, आणि शाळेचे दोनशें दिवस धरले, तर वर्षाला ३०० युनिट वीज निव्वळ रिकाम्या बांकांवर खर्च होते. आपल्या देशांत वीज मुख्यतः कोळशापासून होते, आणि एका युनिटामागें सरासरी सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे एका शाळेच्या केवळ मधल्या सुट्टीपायीं वर्षाला दोनशें किलोंहून अधिक वायु वातावरणांत मिसळतो. हवामान बदलाविषयीं दहा व्याख्यानें ऐकून जें कळत नाहीं, तें मुलाला ह्या हिशेबांत कळतें. कारण त्यांतला प्रत्येक आंकडा त्यानें स्वतः गोळा केलेला असतो. अभ्यासक्रमाशीं जोड देणें, ही जी पायरी आहे, ती निराळी चढावीच लागत नाहीं. गणिताच्या तासाला हा हिशेब, विज्ञानाच्या तासाला त्याचें कारण, आणि भाषेच्या तासाला त्याचें निवेदन, असा तो विषय सहजच वांटला जातो.

पाहणीनंतर योजना. येथें मुलांचा उत्साह आवरावा लागतो. कारण पहिल्या सभेंत सूचना पन्नास येतात, आणि पन्नास कामें हातीं घेणारी समिति एकही तडीस नेत नाहीं. आयर्लंडमधील शाळांनीं ह्यावर चांगली तोड काढली आहे. १९९७ सालापासून तेथें हा उपक्रम चालू आहे. शाळा आरंभीं केवळ कचऱ्याचा विषय घेते. तो साधला, म्हणजे वीज, मग पाणी, मग शाळेंत येण्याजाण्याचीं साधनें, मग जीवसृष्टि, आणि त्यानंतर सर्व जगाशीं असलेलें आपलें नातें. क्रम असा जवळून दूर जाणारा आहे. पायांखालचा कागद ज्याला उचलवत नाहीं, त्याला ध्रुवावरील बर्फाची चिंता करावयास लावणें व्यर्थ होय.

कचऱ्याचें काम वरून सोपें दिसतें. पण त्यांतही शास्त्र आहे. मुलें प्रथम आठवडाभर कचरा वेगळा करून तराजूवर तोलतात: कागद किती, प्लॅस्टिक किती, उष्टें अन्न किती, पालापाचोळा किती. पुष्कळदां ओला कचरा व पाला हाच मोठा भाग निघतो, आणि तो शाळेबाहेर जाण्याचें कांहींच कारण नसतें. अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा किंवा भोंकें पाडलेलें पिंप ठेवून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांचा त्याहून जाड थर घातला, तर त्याचें खत होतें. सुकीं पानें जंतूंना कर्ब पुरवितात, ओला कचरा नत्र पुरवितो. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा, आणि अधूनमधून वरखालीं करावा. हवा मिळाली नाहीं, तर हवेवांचून जगणारे जंतु माजतात आणि दुर्गंधि सुटते. पहिल्या महिन्यांत बहुतेक शाळांचा ढीग असा घाण मारतोच, आणि ‘बंद करा हें थेर’ असें कोणीतरी म्हणतेंच. पण बिघडलेल्या ढिगाचें कारण शोधून त्यांत सुका पाला मिसळणारीं मुलें त्या एका आठवड्यांत जेवढें शिकतात, तेवढें सुरळीत चाललेल्या ढिगावरून शिकलीं नसतीं.

शेवटीं, पाहणीनंतर कांहीं महिन्यांनीं तेंच वजन पुन्हां करावयाचें, तोच मीटर पुन्हां वाचावयाचा, आणि आंकडे प्रवेशद्वारापाशीं फळ्यावर मांडावयाचे. ज्या शाळेची प्रगति खरी ठरते, तिला हिरवें निशाण मिळतें. आयर्लंडांत तें दोन वर्षांचेंच असतें. पुढें तें नव्यानें मिळवावें लागतें. ही अट शहाणपणाची आहे. प्राथमिक शाळेंत दोन वर्षांत समितींतील जुनीं मुलें निघून जातात. नव्यांनीं तें काम पुन्हां आपलें करून घेतलें नाहीं, तर भिंतीवर निशाण राहतें, आणि नळ गळूं लागतो.

येथपर्यंत सारें गोड आहे. परंतु ह्या समितीची खरी कसोटी मुलें चुकतात तेव्हां लागत नसून त्यांचें बरोबर असतें तेव्हां लागते. समजा, आठ-नऊ वर्षांच्या चिटणिसानें सभेपुढें वही ठेवली, आणि आंकडे असें सांगूं लागले कीं, सर्वांत अधिक वीज वर्गांत जळत नसून कार्यालयांत व शिक्षकांच्या खोलींत जळते. आणि स्नेहसंमेलनाच्या एका दिवसानें महिनाभराचें प्लॅस्टिक गोळा केलें. आतां काय करावयाचें? ‘वा, छान हं!’ असें म्हणून वही बाजूला ठेवणें फार सोपें आहे. तसें झालें, तर मुलें एक धडा मात्र पक्का शिकतात: नियम लहानांसाठीं असतात, आणि निशाण पाहुण्यांसाठीं असतें. हा धडा पुढें कोणत्याही पुस्तकानें पुसला जात नाहीं. उलट, मुख्याध्यापकांनीं त्याच दिवशीं आपल्या खोलींतला दिवा मालवला, आणि पुढील संमेलनाला प्लॅस्टिकचे पेले आणूं नयेत हा ठराव स्वतःस लावून घेतला, तर मुलांना सत्याची किंमत कळते.

मुलांचें म्हणणें ऐकणें ही केवळ कृपा नव्हे. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनीं संमत केलेल्या बालहक्कांच्या करारांतील बाराव्या कलमानें मुलांना आपल्याशीं संबंध असलेल्या गोष्टींत मत मांडण्याचा, आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन मिळण्याचा हक्क दिलेला आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला.

आपल्या देशांत ह्या कामाला भूमि तयार आहे. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हातांच्या कामांतून शिक्षण द्यावें असा विचार मांडला होता. १९७६ सालीं निसर्गाचें रक्षण हें घटनेनें नागरिकाचें कर्तव्य ठरविलें, १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण सक्तीचें करण्याविषयीं निर्देश दिले, आणि २००१-०२ सालीं ‘राष्ट्रीय हरित सेना’ ह्या योजनेखालीं शाळाशाळांतून मंडळें निघालीं. उणीव असते ती मंडळांची नव्हे, तर त्यांच्या हातीं दिलेल्या अधिकाराची. वर्षांतून एक दिवस रोप लावावयाचें, छायाचित्र काढावयाचें, आणि उन्हाळ्याच्या सुट्टींत तें रोप वाळूं द्यावयाचें, हें पुष्कळ ठिकाणीं घडतें. समिति असती, तर सुट्टींतील पाण्याच्या पाळ्या तिनें मार्चमध्येंच लावल्या असत्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष जपावी लागते. स्वच्छतेचें काम अमुक जातीचें, अमुक घरचें किंवा केवळ मुलींचें, ही समजूत आपल्या समाजांत खोल रुजलेली आहे. समितीच्या नांवाखालीं केर काढण्याची पाळी नेहमीं त्याच त्या मुलांवर येऊं लागली, तर हिरव्या निशाणाखालीं जुनाच अन्याय चालेल. म्हणून पाळीपत्रक उघड्या फळ्यावर असावें, आणि त्यांत शिक्षकांचींही नांवें असावींत.

समितीला पैसा फारसा लागत नाहीं. एक वही, एक तराजू, मीटर वाचण्याची परवानगी, आणि महिन्यांतून एक तास, एवढी तिची सामग्री. महाग आहे ती एकच वस्तु: मुलांनीं मोजून आणलेलें सत्य मान्य करण्याची मोठ्यांची तयारी. ती जेथें असेल, तेथें मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर एखादें मूल डबा हातांत घेऊन दारापर्यंत जातें, थबकतें, परत फिरून बटण दाबतें, आणि मग खेळावयास पळतें. त्याला तसें करण्यास त्या दिवशीं कोणीही सांगितलेलें नसतें.