मोबाईल कोणाच्या उशाशी?

डोके दुखते, डोळ्यांची आग होते, सकाळी उठवत नाही, वर्गात पेंग येते, अशा तक्रारी घेऊन आठवी ते बारावीची मुले हल्ली वरचेवर दवाखान्यात येतात. पालकांना वाटते, रक्त कमी झाले असेल किंवा चष्मा लागला असेल. तेही तपासावेच. पण त्याबरोबर एक प्रश्न घरी विचारावा : रात्री मोबाईल कोणाच्या उशाशी असतो?

या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक तयार होऊ लागते. डोळ्यांजवळ धरलेल्या पडद्याचा उजेड त्याला उशीर करतो, आणि खेळ व रील्स मन चेतवत ठेवतात. रात्री १ वाजता झोपून शाळेसाठी ६ वाजता उठणारे मूल रोज निदान तीन तासांची झोप गमावते. मग चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासात मागे पडणे ओघाने आलेच.

मात्र मोबाईल पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळाच्या अतिरेकाचा विकार समाविष्ट झाला असून ही सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन : खेळणे आवरता न येणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. शाळा, घर यांची घडी विस्कटेल इतके हे वाढले आणि साधारण वर्षभर टिकले, तरच तो विकार मानतात.

आपल्या महाड-पोलादपूर भागात एक वेगळी अडचण आहे. अनेक वाड्यांतून वडील नोकरीसाठी मुंबईला आणि मुले आजी-आजोबांजवळ. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी घरोघरी मोबाईल आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातच राहिला. त्यावरच वडिलांचा फोन येतो, त्यामुळे तो काढून घेणे आजीला जमत नाही.

दहावीतल्या एका मुलाचे असेच होते. गणपतीला गावी आलेल्या वडिलांनी रागाने मोबाईल आपटला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. पुढे दोघांनी बसून ठरवले : वडिलांनी रोज रात्री ९ वाजता फोन करायचा, बोलणे संपले की मोबाईल आजीच्या ट्रंकेत. पहिले काही दिवस मुलाने कुरकुर केली, दोनदा चोरूनही काढला. पण वडील रोज बोलू लागले, तशी ओढ कमी झाली. महिन्याभरात डोकेदुखीची तक्रार राहिली नाही.

हे गावाने मिळूनही करता येते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ मध्ये तेथील ग्रामस्थांनी ठरवले, सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा. नियम मोठ्यांनाही लागू, हे त्यातले मर्म.

पालकांनी एवढे करावे :

१) झोपण्यापूर्वी तासभर सर्वांचेच मोबाईल बाजूला ठेवावेत. चार्जिंग झोपण्याच्या खोलीबाहेर करावे.
२) जेवताना कोणीही मोबाईल हातात घेऊ नये.
३) मुलांना रोज तासभर तरी मैदानावर पाठवावे. डोळ्यांनाही त्याचा फायदा होतो.
४) एकदम बंदी न घालता वेळ ठरवून द्यावी आणि ती हळूहळू कमी करावी.

मूल शाळेत जाईनासे झाले, अंगावर धावून येऊ लागले, पैसे चोरू लागले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर दिवस न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून तेथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ताप आला तर आपण लपवतो का?