समजून घ्या : एका 'अल'ने अर्थ बदलतो! अरबीत विशेषण नामाच्या मागे कसे चालते?

'अल-बाब मुग्लक' म्हणजे 'दार बंद आहे'. 'अल-बाब अल-मुग्लक' म्हणजे 'ते बंद दार'. पहिले पूर्ण वाक्य आहे, दुसरे अर्धवट. फरक आहे फक्त एका 'अल'चा. नोकरीसाठी आखातात जाणारे किंवा हौसेने अरबी शिकणारे अनेकजण इथेच अडखळतात.

'अल'मुळे गोंधळ का?

'अल' लागला की नाम निश्चित होते, म्हणजे कोणतेही दार नव्हे, तर 'ते' दार. अरबीत विशेषण नामाच्या नंतर येते आणि नामाला 'अल' असेल तर विशेषणालाही तो लागतो. नुसते 'बाब मुग्लक' म्हटले तर 'एक बंद दार'. वर्तमानकाळातल्या अशा वाक्यात 'आहे' हे क्रियापद नसते. म्हणून नामाला 'अल' आहे आणि पुढच्या शब्दाला नाही, एवढ्यावरूनच 'आहे' हा अर्थ कळतो.

जुळवायच्या गोष्टी किती?

चार : लिंग, वचन, विभक्ती आणि निश्चितता.

मराठीत 'मोठा वाडा, मोठी खोली' असा बदल होतो, पण 'लाल' तसाच राहतो. अरबीत रंगही बदलतात. 'बहर' म्हणजे समुद्र, हा शब्द पुल्लिंगी. म्हणून तांबडा समुद्र 'अल-बहर अल-अहमर'. याच 'अहमर'चे स्त्रीलिंगी रूप 'हमरा'. स्पेनमधील ग्रानाडाच्या प्रसिद्ध अल-हमरा महालाचे नाव त्यावरूनच आले. 'दार' म्हणजे घर, हा शब्द मात्र स्त्रीलिंगी. म्हणून मोरोक्कोतील कॅसाब्लांका शहर अरबीत 'अद्-दार अल-बैदा', म्हणजे पांढरे घर.

एका पदवीत चारही नियम

अरबीत संस्कृतप्रमाणे द्विवचनही आहे. सौदी राजे फहद यांनी 1986 मध्ये 'खादिम अल-हरमैन अश्-शरीफैन' ही पदवी घेतली. अर्थ, मक्का आणि मदिना येथील दोन पवित्र मशिदींचे सेवक. यात 'हरम' हे नाम आणि 'शरीफ' हे विशेषण. दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींना 'अल' (उच्चारात दुसऱ्याचा 'अश्' होतो) आणि दोन्हींच्या शेवटी 'ऐन'. हा 'ऐन' द्विवचन आणि षष्ठी विभक्ती एकदमच दाखवतो.

अमिराती सात, विशेषण एकवचनी

सगळ्यात चकवणारा नियम अनेकवचनाचा. माणसे असतील तर विशेषणही अनेकवचनी : 'मुदर्रिसून जुदुद', म्हणजे नवे शिक्षक. पण वस्तू, प्राणी, संस्था यांच्या अनेकवचनाला सहसा स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागते : 'कुतुब जदीदा', म्हणजे नवी पुस्तके.

याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण म्हणजे संयुक्त अरब अमिराती. अरबी नाव 'अल-इमारात अल-अरबिया अल-मुत्तहिदा'. अमिराती सात असल्याने 'इमारात' अनेकवचनी, पण 'अरबिया' आणि 'मुत्तहिदा' ही दोन्ही विशेषणे स्त्रीलिंगी एकवचनी. संयुक्त राष्ट्रांचे 'अल-उमम अल-मुत्तहिदा' हे नावही याच साच्यातले.

बोलतानाही एवढे सांभाळायचे?

रोजच्या बोलीत विभक्तीचे प्रत्यय बहुतेक गळून पडतात. 'अल'ची जोडी मात्र बोलीतही टिकून आहे. त्यामुळे नवशिक्यांनी आधी दुसरा 'अल' आहे की नाही, एवढे पाहावे. दार बंद आहे की कुठल्या तरी बंद दाराची गोष्ट चालली आहे, हे त्यावरूनच कळते.