ज्याचे त्याचे तेजोवलय

देवादिकांच्या चित्रांत मस्तकामागे तेजोवलय असते. ते आपल्यासारख्या संसारी माणसालाही लाभते, असे म्हटले तर वाचक हसतील. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी ते पाहिले आहे, आणि तेही माझ्याच डोक्याभोवती!

पावसाळा सरत आला होता. धाकटा भाऊ बरोबर होता. घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे वर्षभर जेवढ्यास तेवढे. सकाळचे ऊन पाठीवर, समोर कड्याखाली दाट धुके. धुक्यावर आमच्या सावल्या पडल्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटली. बाहेर तांबडे, आत निळसर. हेच ते इंद्रवज्र.

"अरे, माझ्या डोक्याभोवती बघ!"

"तुझ्या कुठे, दादा? माझ्या आहे!"

दोघेही खरेच बोलत होतो. कर्नल साइक्स यांनी इथल्या अशा वर्तुळांची नोंद १८३५ साली छापलेल्या निबंधात केली आहे. धुक्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेने परत धाडतात. म्हणून कडी पाहणाऱ्याच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतात. इंद्रधनुष्याचेही तसेच. त्याचा मध्य आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला, आणि तांबडा पट्टा तिथून सुमारे ४२ अंशांवर. शेजाऱ्याचे धनुष्य वेगळ्याच थेंबांतून येते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला, की सपाट जमिनीवरून आकाशात धनुष्य दिसत नाही, ते यामुळेच.

सोळाव्या शतकातला इटालियन सोनार आणि शिल्पकार चेल्लिनी याला दवभरल्या गवतावर आपल्या सावलीच्या डोक्याभोवती उजेड दिसला. हा आपल्यावरचा ईश्वरी प्रसाद, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले! वास्तविक दवाचा थेंब भिंगासारखा ऊन पात्यावर एकवटतो आणि तो उजेड सूर्याच्या दिशेने परत फेकतो. तो पाहणाऱ्याला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतो.

गड उतरताना वाटणीची गोष्ट मीच काढली. दुसऱ्याला काय दिसते, ते त्यालाच विचारावे लागते. त्याने सांगितले, मी ऐकले. पुढच्या महिन्यात कागद झाले.

दिवाळीत अभ्यंगस्नान झाले, की मुलांना मैदानावर न्या. दव पडले असेल तर कोवळ्या उन्हाकडे पाठ करून त्यांना ओळीने उभे करा आणि विचारा, उजेड कोणाच्या डोक्याभोवती? सगळी एकदम "माझ्या!" म्हणून ओरडतील. भांडण सोडवायला जाऊ नका. सगळ्यांचेच बरोबर आहे.