दार, नदी आणि ‘फुल कव्हर’

आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेताना काउंटरवर विम्याची तीन-चार पॅकेजेस पुढे ठेवली जातात. लांबच्या विमानप्रवासाने शिणलेला माणूस बहुधा एकतर सर्वांत स्वस्त उचलतो, नाहीतर ‘पुढे कटकट नको’ म्हणून सर्वांत महागडं. दोन्ही वेळा निवड होते ती दर बघून. खरं तर आधी बघायला हवं ते आपण कुठल्या रस्त्यांनी जाणार आहोत, आणि सर्वांत महागड्या पॅकेजमध्येसुद्धा काय बसत नाही, ते.

थर्ड पार्टी विमा तिथे कायद्याने सक्तीचा आहे आणि तो भाड्यातच धरलेला असतो. त्याच्या जोडीला बहुतेक ठिकाणी सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर, येतो. भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर एका ठरावीक रकमेच्या वरचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही, ही कंपनीची हमी. त्या रकमेपर्यंतचा खर्च मात्र तुमचा. तिला एक्सेस म्हणतात. आपल्याकडे खासगी गाडीच्या पॉलिसीत सक्तीची वजावट इंजिनाप्रमाणे १,००० किंवा २,००० रुपये असते, त्यामुळे ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. आइसलँडमध्ये साध्या सीडीडब्ल्यूचा एक्सेस काही लाख क्रोनांत असतो. क्रोनाचा भाव साठ-सत्तर पैसे धरला, तर तीन लाख क्रोना म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास. जास्त पैसे भरून हा आकडा खाली आणता येतो, काही पॅकेजमध्ये तो शून्यही होतो. पण शून्य एक्सेस म्हणजे सगळ्याच नुकसानाची जबाबदारी संपली, असं नव्हे.

त्या देशाला फेरी मारणारा रिंग रोड सुमारे १,३०० किलोमीटरचा आहे आणि आता जवळजवळ सगळा डांबरी आहे. पण धबधब्याकडे, शेतघराकडे वळलात की डांबर संपल्याची पाटी लागते आणि खडी सुरू होते. समोरून भरधाव आलेल्या गाडीने उडवलेला खडा काचेवर बसतो. साध्या सीडीडब्ल्यूत पुढची काच आणि दिवे बहुधा नसतात, म्हणून ग्रॅव्हल प्रोटेक्शन नावाची वेगळी भर विकतात. ही भर घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वाळू आणि राखेच्या विम्याचं उत्तर इतकं सरळ नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावाच्या पूर्वेला म्यिर्दाल्ससांदुर आणि पुढे स्केइदारारसांदुर ही काळ्या ज्वालामुखी वाळूची मैदानं आहेत. सोसाट्याचा वारा सुटला की ही वाळू गाडीचा रंग खरवडून काढते, काचा खरबरीत करून टाकते. आख्खी गाडी पुन्हा रंगवण्याचा खर्च साध्या सीडीडब्ल्यूत येत नाही. दक्षिण किनाऱ्याने जाणार असाल तर ही भर जरूर घ्या. रेक्याविकच्या आसपासच फिरणार असाल तर तिच्यावाचून अडत नाही.

यापुढच्या दोन गोष्टी बहुधा पैसे भरूनही सुटत नाहीत. पहिली दाराची. तिथल्या हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात देतात. २० हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर होतो. मागून असा वारा येत असताना कुणी बेसावधपणे दार उघडलं, तर ते हातातून निसटतं आणि बिजागरीच्या मर्यादेपलीकडे उलटं जातं. बिजागरी वाकते, पत्रा दुमडतो, दार पुन्हा लागत नाही आणि गाडी उचलून न्यावी लागते. बहुतेक करारांत वाऱ्याने मोडलेलं दार हा निष्काळजीपणा मानतात. म्हणून गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून लावावी, दार दोन्ही हातांनी धरून उघडावं आणि एका वेळी एकच दार उघडावं. मागे मुलं बसली असतील तर आधी आपण उतरून त्यांचं दार आपणच उघडावं. एवढी काळजी कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त पैसे वाचवते.

दुसरी गोष्ट नदीची. आतल्या डोंगराळ भागातल्या ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असतो, त्यांवर फक्त फोर बाय फोर चालते. हे रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडे असतात. साधी गाडी तिथे नेली तर विम्याचं संरक्षणच जातं. फोर बाय फोर नेली तरी नदी ओलांडताना झालेलं नुकसान जवळपास सगळे करार वगळतात. थोर्समर्कच्या वाटेवरची क्रॉसाउ नदी हिमनदीच्या पाण्यावर वाहते. उन्हाने बर्फ वितळलं की दुपारनंतर तिचं पाणी चढतं. सकाळी गुडघ्याएवढं असलेलं पाणी परतताना तसंच असेल याची खात्री नसते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन बाद होतं. ते सगळं बिल तुमच्या नावावर, टोइंगसकट. थोर्समर्कला उंच चाकांच्या खास बस जातात. तिकीट काढून त्यांतूनच जावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आता पैशांच्या व्यवहाराकडे. एक्सेसएवढी किंवा त्यातली काही रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवण्याची अनेक कंपन्यांची पद्धत आहे. कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. कार्डाची मर्यादा कमी पडली तर ऐनवेळी महागडं पॅकेज घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेव्हा निघण्याआधी मर्यादा तपासा आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून घ्या.

बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘फुल कव्हर’ म्हणून जे विकलं जातं, त्यातून सर्वांत जास्त गैरसमज होतात. ती बहुधा तिसऱ्याच विमा कंपनीची परतफेडीची पॉलिसी असते. नुकसान झालं की गाडीवाली कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे वळते करणार, मग कागदपत्रं जोडून तुम्ही परतफेड मागायची. काउंटरवरचा माणूस ही पॉलिसी मानत नाही, कारण ती त्यांची नसते. डिपॉझिटही त्यामुळे कमी होत नाही. ती स्वस्त पडते आणि घ्यायला हरकत नाही, पण अशा कित्येक पॉलिसी ठरावीक देशांच्या रहिवाशांनाच लागू असतात. भारतात राहणाऱ्याला ती चालते का, हे नियमांत वाचूनच पैसे भरा.

शेंगेन व्हिसासाठी घेतलेल्या प्रवास विम्याचा गाडीशी संबंध नाही. व्हिसाला लागणारं किमान ३०,००० युरोंचं कव्हर उपचारांसाठी आणि मायदेशी परत आणण्यासाठी असतं.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन गाडी घेणाऱ्यांसाठी प्रश्नाचा क्रम उलटा होतो. तिथे भाड्यासोबत मिळणारं थर्ड पार्टी कव्हर कित्येकदा त्या राज्याच्या किमान मर्यादेपुरतंच असतं, आणि तिथली रुग्णालयाची बिलं पाहता ते अपुरं आहे. तिथे आधी वाढीव लायबिलिटी कव्हर घ्यावं, गाडीच्या पत्र्याचा विचार त्यानंतर.

गाडी कुठलीही असो, हाती घेताना तिचा व्हिडिओ काढा: छत, रिम, बंपरची खालची कड आणि विशेषतः पुढची काच, कारण जुना बारीक टवका ऊन बदललं की दिसेनासा होतो. परत देतानाही तसाच काढा. आणि जोडीदार किंवा मुलगा थोडा वेळ जरी चालवणार असेल तरी त्याचं नाव करारात घाला. नाव नसलेल्या माणसाच्या हातून धडक झाली, तर घेतलेलं कुठलंच पॅकेज लागू होत नाही.