विद्यापीठाचें दार आणि ओसाड पडलेला वर्ग

प्रतिवर्षीं मे महिना आला कीं बारावीच्या निकालाचे आंकडे प्रसिद्ध होतात, विभागाविभागांची क्रमवारी लागते, अभिनंदनाचे संदेश छापून येतात आणि चार दिवसांनीं सर्व शांत होतें. २०२५ सालीं राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. कोंकण विभाग सर्वांच्या पुढें राहिला आणि लातूर विभाग सर्वांच्या मागें. ज्या लातूरच्या नांवानें प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा एक ‘पॅटर्न’ दूरवर ओळखला जातो, तोच विभाग बारावींत शेवटचा यावा, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटली. एका वर्षाच्या आंकड्यावरून मोठा सिद्धान्त काढूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु या मौजेच्या पोटांत एक गंभीर प्रश्न आहे. ज्या परीक्षेसाठीं पंधरा लाखांच्या आसपास मुलें दोन वर्षें नांव घालून बसतात, तिचा त्यांच्या पुढील मार्गाशीं संबंध तरी किती उरला आहे?

अभियांत्रिकीस जाऊं इच्छिणाऱ्या मुलास बारावीच्या संबंधित विषयांत मिळून ४५ टक्के गुण पुरतात, राखीव प्रवर्गांतील मुलास ४०. वैद्यकास हेच प्रमाण ५० व ४० असें आहे. ही पायरी ओलांडली म्हणजे बारावीचें काम संपलें. पुढें एक गुण अधिक असो कीं चाळीस अधिक असोत, ते फार तर दोघांची बरोबरी झाल्यास ती सोडविण्यास उपयोगी पडतात. खरा क्रम लागतो तो सामाईक प्रवेशपरीक्षेवर. जो दाखला कोणी मोजीत नाहीं, तो मिळविण्यासाठीं मुलांनीं मनापासून शिकावें, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास सोडून आहे. आणि मुलांनीं तसें केलेंही नाहीं.

याचा पुरावा पाहण्यास फार लांब जावयास नको. जिल्ह्याच्या गांवच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञानशाखेंत भर दुपारीं डोकावून पाहावें. पट भरलेला, बाकांवर मात्र चार-दोन मुलें. शिक्षक फळ्यापाशीं उभे, पण कोणास उद्देशून बोलावें हें त्यांस उमगत नाहीं. मुलें आहेत कोठें? तीं दोन गल्ल्या पलीकडे, खासगी क्लासच्या दाटीवाटीच्या खोलींत, समोर जाडजूड प्रश्नसंग्रह घेऊन बसलीं आहेत. महाविद्यालय व क्लास यांच्यामध्यें ‘टाय-अप’ नांवाचा व्यवहार असतो: नांव एकीकडे, शिक्षण दुसरीकडे, आणि शुल्क दोहोंकडे. सरकारास हें ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. जून २०१८ मध्यें विज्ञानशाखेंतील मुलांची हजेरी बोटाच्या ठशावरून घेणारीं यंत्रें बसविण्याचा आदेश निघाला, तो ह्याच दुखण्यावर उपाय म्हणून. यंत्रानें बोट ओळखलें असेल, परंतु वर्ग कांहीं भरला नाहीं. मुलास वर्गांत येण्याचें कारणच उरलें नसतां त्याचें बोट मोजून काय होणार?

ह्या ओसाडपणाची सर्वांत मोठी झळ प्रयोगशाळेस लागली आहे. भौतिक, रसायन व जीवशास्त्र ह्या विषयांत शंभरांपैकीं ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते बहुतेक ठिकाणीं उदार हातानें वांटले जातात, हें शिक्षक स्वतःच खासगींत सांगतात. दोन वर्षें शास्त्र शिकलेला आणि प्रवेशपरीक्षेंत उत्तम क्रमांक मिळविलेला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीं प्रयोगशाळेंत जातो, तेव्हां साधें विद्युन्मंडल जोडतांना त्याचे हात थरथरतात. त्यांत त्याचा दोष नाहीं. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेंत तीन तासांत दीडशें प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. चार उत्तरांपैकीं एकावर खूण करण्याची ही कसरत आहे. तिच्यांत चपळाई लागते, पाठांतर लागतें, थोडी बुद्धिही लागते. परंतु एखादी गोष्ट कां घडते हें दहा ओळींत समजावून सांगण्याचें कौशल्य तिच्यांत कोठेंही तपासलें जात नाहीं. भाषेची कथा तर याहून करुण आहे. विज्ञानशाखेंत इंग्रजी सक्तीची आहे, पण दुसऱ्या भाषेच्या जागीं माहिती-तंत्रज्ञानासारखा अधिक गुण देणारा विषय घेण्याची सोय आहे. तिचा लाभ घेणाऱ्या मुलांचें मराठीशीं असलेलें नातें सोळाव्या वर्षींच तुटतें, आणि त्याची हळहळ करण्यासही कोणास फुरसत नसते.

आतां ह्या व्यवहाराचा खर्च कोण भरतो तें पाहावें. शहरांतील पगारदार पालक कुरकुरत कां होईना, क्लासचे हप्ते भरतो. गांवाकडचा शेतकरी सोयाबीनचे पैसे हातीं येण्याची वाट पाहतो, भाव पडला तर उसनवार करतो, आणि मुलास लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन देतो. त्याच्या पाठची मुलगी मात्र पुष्कळ वेळां गांवाजवळच्याच महाविद्यालयांत राहते. ‘दोघांचा खर्च कसा झेपणार?’ एवढ्याच प्रश्नावर तिचा निकाल लागलेला असतो. तिच्या महाविद्यालयांतील शिक्षक उत्तम शिकवितील, ती बारावींत ८५ टक्के मिळवील, तरी त्या ८५ टक्क्यांस बाजारांत मोल नाहीं. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे सर्वांस समान संधि मिळाली, असें मानणाऱ्यांनीं त्या मुलीची गांठ घ्यावी.

विद्यापीठ दाराशीं जें मागतें तेंच शाळा शिकविते, हा अनुभव आपल्या प्रांतास नवा नाहीं. मुंबई विद्यापीठानें १८५९ सालीं पहिली मॅट्रिक घेतली आणि तींत रानडे व भांडारकर उत्तीर्ण झाले, तेव्हांपासून हायस्कुलांचा सारा अभ्यासक्रम त्या एका परीक्षेच्या मापानें बेतला जाऊं लागला. पुढें देशी भाषा विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून गेल्या, तेव्हां त्या परत याव्या म्हणून रानड्यांस किती झटावें लागलें, तेंही सर्वश्रुत आहे. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर महाराष्ट्रानें १९७५ सालीं दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना स्वीकारली. मधलीं दोन वर्षें ही एक स्वतंत्र आणि भरीव पायरी व्हावी, कांहीं मुलांस विद्यापीठाकडे व कांहींस धंद्याकडे नेणारी व्हावी, असा तींतला हेतु होता. ती पायरी आज केवळ दोन प्रवेशांमधील मोकळी जागा होऊन बसली आहे.

बारावीच्या गुणांवरच वैद्यक-अभियांत्रिकीचे प्रवेश होत, त्या काळास आम्ही सत्ययुग म्हणत नाहीं. तेव्हांही शिकवण्या होत्या, एका गुणासाठीं धांवाधांव होती, कांहीं केंद्रांवर उघड नक्कल चाले. म्हणूनच प्रवेशपरीक्षा आली आणि तेव्हां ती योग्यही वाटली. परंतु एक दोष घालवितांना दुसरा पदरांत घेतला, हें आपण मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. मध्यंतरीं ह्याची जाणीव झालीही होती. देशपातळीवरील जेईई मेनमध्यें २०१३ ते २०१६ पर्यंत बारावीस ४० टक्के वजन होतें. आपल्या राज्यानें २०१४ व २०१५ सालीं ती परीक्षा आणि बारावी यांस निम्मेनिम्म वजन देऊन अभियांत्रिकीचे प्रवेश केले. २०१६ सालीं राज्य पुनः स्वतःच्या प्रवेशपरीक्षेकडे परतलें आणि २०१७ पासून जेईईनेंही बारावीचें वजन काढलें. रोप लावावें आणि मूळ धरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दोन वर्षांत तें उपटावें, असा हा प्रकार झाला.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो हा कीं, बारावीच्या परीक्षेंत नक्कल होते. होते, ती बंद करावी. पण प्रवेशपरीक्षा गंगाजळासारखी शुद्ध आहे, हा भ्रम २०२४ च्या ‘नीट’नें पुरता घालविला. पाटणा व हजारीबाग येथें प्रश्नपत्रिका फुटल्याचें सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. वाढीव गुण दिलेल्या १,५६३ उमेदवारांचे ते गुण रद्द करून त्यांस पुनः परीक्षेस बसण्याची मुभा द्यावी लागली. ज्या एका दुपारवर सर्व कांहीं अवलंबून असतें, त्या दुपारवर डल्ला मारण्याचा मोहही तितकाच मोठा असतो. दुसरा आक्षेप असा कीं, निरनिराळ्या मंडळांचे गुण एका तराजूंत कसे तोलावे? केरळांत अभियांत्रिकीसाठीं बारावी व प्रवेशपरीक्षा यांस समान वजन दिलें जातें; तमिळनाडूनें २००६ च्या कायद्यानें राज्याची प्रवेशपरीक्षाच रद्द केली. तेथें तराजू सांपडला, तो येथें सांपडणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं.

तेव्हां आमचें मागणें स्पष्ट आहे. वैद्यकाची परीक्षा केंद्राच्या हातीं आहे. तिच्याविषयीं राज्यानें दिल्लीस लिहावें. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषि, आणि २०२४ पासून प्रवेशपरीक्षेच्या दावणीस बांधलेले व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम, एवढें क्षेत्र तरी राज्याच्या अधिकारांत आहे. तेथें बारावीस निम्मे वजन द्यावें. प्रत्येक मंडळांतील मुलाचें स्थान त्याच्याच मंडळांतील मुलांशीं तुलना करून ठरवावें. त्याआधीं बारावीची परीक्षा त्या वजनास लायक करावी: प्रात्यक्षिकास बाहेरगांवचा परीक्षक असावा आणि तो खरोखर यावा; प्रश्न असे असावेत कीं पाठ केलेलें उत्तर पुरें पडूं नये; भाषेचे गुण, मग ती मराठी असो वा दुसरी, एकूण वजनांत धरावे. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्याविना यांतलें कांहींच साधणार नाहीं, हें अर्थखात्यानें आतांच लिहून ठेवावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. केरळ सरकारनें २०२५ सालीं गुण जुळविण्याचें सूत्र परीक्षा होऊन गेल्यावर बदललें. उच्च न्यायालयानें तें रद्द केलें आणि क्रमवारी नव्यानें लावावी लागली. मुलांचे कित्येक दिवस टांगणीला लागले. आपल्याकडे नवा नियम करणें असेल तर तो पुढील जूनमध्यें अकरावींत पाऊल टाकणाऱ्या मुलांपासून लागू करावा आणि तीं वर्गांत बसण्यापूर्वीं त्यांच्या हातीं छापून द्यावा. आज अकरावी-बारावींत असलेल्या मुलांनीं जुन्या नियमावर भिस्त ठेवून घरचे पैसे आधींच खर्चिले आहेत. त्यांच्या वाटेंत कांहींही बदलूं नये.